पाय सुटला पाहिजे

रोज रात्री आमच्या बाथरूमच्या फरशीवर काळे दाणे पडायचे. मोहरीएवढे, हलके, रबरी. मुलगी सरावाहून आली की मोजे उलटे करून झटकायची आणि ते दाणे टाइल्सवर उड्या मारत जाळीपर्यंत पोचायचे. जाळी तुंबते म्हणून तिची आई रोज कटकट करायची. गेल्या नोव्हेंबरात दाणे यायचे बंद झाले. जाळी स्वच्छ राहू लागली आणि घरात कुणालाच त्याचं बरं वाटलं नाही.

त्या संध्याकाळी मी टर्फच्या कुंपणाबाहेर उभा होतो. उपनगरातलं एक टर्फ, म्हणजे कृत्रिम गवताचं फुटबॉलचं मैदान, दिवे लागलेले, पलीकडे रिक्षांचे हॉर्न. सोळा वर्षांची माझी लेक मिडफिल्डला खेळते. तिने गोलकडे पाठ करून बॉल घेतला, उजवा पाय रोवला आणि डावीकडे वळायला गेली. दोन हातांच्या अंतरात कुणी नव्हतं. धक्का नाही, टॅकल नाही. अंग वळलं, पाय वळला नाही. ती खाली बसली. ओरडलीसुद्धा नाही. मी धावत आत गेलो तेव्हा दोन्ही हातांनी गुडघा धरून एवढंच म्हणाली, "बाबा, पाय सुटलाच नाही रे."

एमआरआयमध्ये जे दिसायचं ते दिसलं. एसीएल तुटलं होतं. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना गुडघ्याच्या आत तिरकं बांधून ठेवणारा हा अस्थिबंध. नडगी पुढे सरकू नये, भलतीकडे फिरू नये, हे त्याचं काम. ऑपरेशन, मग निदान नऊ महिने मैदान बंद. डॉक्टर सगळं नीट समजावून सांगत होते आणि माझ्या डोक्यात तिचं ते एकच वाक्य फिरत होतं. पाय सुटलाच नाही.

कारण लहानपणापासून मी उलटंच ऐकत आलो होतो. "घसरू नकोस." शाळेत जाताना, नळावर जाताना, गच्चीवर पतंग उडवताना, आणि मैदानावर तर हमखास. घसरणं म्हणजे इजा आणि घट्ट रोवलेला पाय म्हणजे सुरक्षित, हे आमच्या हाडीमाशी मुरलेलं. म्हणून तिच्या वाढदिवसाला बूट घ्यायला गेलो तेव्हा मी दुकानदाराला एकच प्रश्न विचारला होता : "ग्रिप चांगली आहे ना?" तो म्हणाला, "साहेब, एकदम फर्स्ट क्लास. आता सगळी मुलं हेच घेतात." कोणत्या मैदानावर खेळते हे त्याने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. वर पाय वाढतोय म्हणून एक नंबर मोठा घेतला.

ऑपरेशननंतर आठवड्याभराने, घर झोपलेलं असताना, मी तो उजवा बूट टेबलावर दिव्याखाली उलटा ठेवला आणि पहिल्यांदा नीट पाहिला. पुढे सात, मागे चार, असे अकरा स्टड, म्हणजे तळाला बसवलेले खुंट. गोल नव्हेत. नारळाच्या कातळीसारखे पातळ, किंचित वाकलेले, कडेला धार असल्यासारखे. पुढच्या चवड्याखाली ते असे मांडलेले की सरळ धावताना जमिनीत पातीसारखे घुसावेत. अंगठ्याने एक स्टड दाबून पाहिला. ढिम्म हलला नाही. दोन स्टडच्या मध्ये ते काळे दाणे आणि हिरव्या प्लास्टिकचे दोन धागे अजून अडकलेले होते. आणि तळाच्या कमानीवर, बोटाच्या पेराएवढ्या जागेत, दोन अक्षरं कोरलेली : एफजी. म्हणजे फर्म ग्राउंड. घट्ट मातीवरचं खरं गवत. तो बूट ज्या जमिनीसाठी बनवला होता त्या जमिनीवर माझ्या मुलीने त्या मोसमात एकदाही पाय ठेवला नव्हता.

ही अक्षरं बहुतेक बुटांवर, नाहीतर खोक्यावर असतातच. एसजी म्हणजे मऊ, ओलं मैदान. त्याला मोजके पण लांब, बऱ्याचदा धातूच्या टोकांचे स्टड. एजी म्हणजे कृत्रिम गवत. त्याला संख्येने जास्त, आखूड आणि बहुधा गोल. टीएफ म्हणजे खाली बारीक रबरी दाण्यांची रांगच रांग, आपण ज्याला नुसतं टर्फ शूज म्हणतो ते. भाजी घेताना देठ मोडून बघणारे आपण, बूट घेताना तळ उलटा करून पाहत नाही.

पकड दोन तऱ्हेची असते, हे मला मुलीच्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी समजावलं. एक सरळ रेषेतली. धाव घेताना, ब्रेक मारताना ती लागतेच. ती नसेल तर मांडीचे आणि जांघेचे स्नायू ताणले जातात, माणूस तोंडावर आपटतो. दुसरी पकड वळण्याच्या विरोधातली. चवडा जमिनीवर टेकून अंग फिरतं तेव्हा बूट फिरायला किती अडतो, हे तिचं माप. पहिली पकड वेग देते, दुसरी प्रमाणाबाहेर गेली की गुडघा घेते. गोल स्टड मातीत किंवा दाण्यांत स्वतःभोवती फिरू शकतो. पात्यासारखा स्टड आडवा येतो. बूट फिरला नाही तर तो पीळ नडगीतून वर चढतो आणि जिथे सांधा आहे तिथे उतरतो. एसीएल तुटतं ते पाय टेकल्यानंतरच्या साधारण पहिल्या पन्नास मिलिसेकंदांत. पापणी मिटायलाही याहून जास्त वेळ लागतो. तेवढ्यात मेंदू काही ठरवू शकत नाही. त्या क्षणी गुडघ्याच्या बाजूने उभं राहायला बूट, जमीन आणि आधीपासून कमावलेले स्नायू एवढेच असतात.

हे काही नवं ज्ञान नाही, आणि मला त्याचाच जास्त त्रास झाला. फिलाडेल्फियात जोसेफ टॉर्ग नावाच्या डॉक्टरांनी शाळकरी मुलांच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये सात लांब स्टडचे नेहमीचे बूट आणि चौदा आखूड स्टडचे, सॉकरच्या धर्तीचे बूट यांची तुलना केली. पाऊण इंचाचे स्टड निम्म्यावर आले, तर गुडघ्याच्या दुखापती कमी झाल्या. हे छापून आलं १९७१ साली. माझ्या जन्माच्या आसपास कुणीतरी हे मोजून ठेवलं होतं आणि पन्नास वर्षांनी मी दुकानात उभा राहून विचारत होतो, ग्रिप चांगली आहे ना?

मी लालबागच्या चाळीत वाढलो. जून उजाडला की स्टंप माळ्यावर जायचे आणि फुटबॉल खाली यायचा. मुंबईत आमच्यासाठी फुटबॉल हा पावसाचाच खेळ होता. क्रिकेटच्या मैदानांना सुट्टी, आझाद मैदानापासून परळपर्यंत सगळीकडे चिखल, आणि त्या चिखलात बॉल कधी तरंगायचा, कधी रुतून बसायचा. माझे पहिले बूट धोबीतलावच्या गल्लीतून घेतलेले, दुसऱ्याचे वापरलेले, चामड्याचे. त्यांचे स्टड खिळ्यांनी ठोकलेले होते. स्टड झिजला की खिळा आत डोकवायचा. चाळीखालचे मोचीकाका बूट लोखंडी पायावर उपडा घालून दोन घाव मारायचे, तेवढ्यावर पुढचे चार सामने निघायचे. माझ्या उजव्या अंगठ्याखाली त्या खिळ्याची खूण अजून आहे.

आम्ही सतत पडायचो. टॅकल केली की चार-चार हात घसरत जायचो. गुडघे सोलायचे, कोपर फुटायचं, नाकातोंडात चिखल जायचा. पण अंग वळलं की पायही वळायचा, नाही वळला तर सरळ निसटायचा. चिखल आम्हाला धरून ठेवत नव्हता.

हे लिहिताना मी स्वतःला थांबवतो. आमच्या वेळचं सगळं छान होतं असं म्हणायचा मोह होतो, आणि ते खरं नाही. आमच्यात एक लेफ्ट विंगर होता, वाऱ्यासारखा पळायचा. एका डिसेंबरात, जमीन वाळून दगड झालेली असताना, त्याचा पाय एका भेगेत अडकला. त्यानंतर "गुडघा निघतो" म्हणायचा. हळद लावली, तेलाने चोळला, पट्टा बांधला. दोन वर्षांनी खेळ सोडला. त्याला एमआरआय कुणी सांगितला नाही आणि एसीएल हा शब्द आमच्यापैकी कुणी ऐकलेला नव्हता. आज कळतं की त्याचं काय तुटलं होतं. आणि तो पावसात नव्हे, कोरड्यात पडला होता हेही आज लक्षात येतं.

ऑस्ट्रेलियात जॉन ऑर्चर्ड नावाच्या डॉक्टरांनी त्यांच्या तिकडच्या फुटबॉलमध्ये नेमकं हेच तपासलं. सामन्याआधीच्या काळात पाऊस कमी पडलेला असेल, जमिनीतलं पाणी उडून गेलेलं असेल, तर एसीएलच्या दुखापती जास्त. त्यांनी गवताच्या जातींकडेही पाहिलं. राय गवताच्या मैदानांवर दुखापती कमी, बर्म्युडा गवतावर जास्त, कारण बर्म्युडाचे धावते दांडे जमिनीलगत जाळं विणतात आणि स्टड त्यात गुंततो, असं त्यांचं म्हणणं.

हे वाचलं तेव्हा गणपती जवळ आले होते. लेक पाय पुढे पसरून आईबरोबर दूर्वांच्या जुड्या बांधत बसली होती, एकवीस-एकवीसच्या. उन्हाळी प्रदेशांतल्या मैदानांवर जगभर लावतात ते बर्म्युडा गवत म्हणजे आपली हरळी, आपली दूर्वा. मी तिला सांगितलं तेव्हा तिने हातातली जुडी खाली ठेवून ढिगातून एक मुळासकटचा लांब दांडा उपसला आणि दोन्ही हातांनी ताणून पाहिला. तुटेना. पेरापेराला मुळं फुटलेली, दोरीसारखा चिवट. "स्टड यात अडकणारच ना बाबा," ती म्हणाली, आणि नखाने एकेक पेर तपासत राहिली. देवापुढच्या ताटात पडलेल्या त्या गवताकडे आम्ही दोघांनी त्या दिवशी पहिल्यांदा मैदान म्हणून पाहिलं.

बुटांचा इतिहास सगळा घसरण्याशी लढण्याचाच आहे. आपला संघ १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्रान्सशी खेळला तेव्हा बहुतेक खेळाडू अनवाणी होते, २-१ असे थोडक्यात हरले. चार वर्षांनी हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने १०-१ असं लोळवलं आणि त्यानंतर आपल्याकडे बूट सक्तीचे झाले. १९५४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात बर्नला पाऊस लागला, पश्चिम जर्मनीच्या खेळाडूंच्या बुटांना आदिदास कंपनीचे संस्थापक आदी डासलर यांनी फिरवून बसवायचे लांब स्टड लावले, आणि अजिंक्य वाटणारा हंगेरीचा संघ ३-२ ने हरला. जमिनीला चिकटून राहील तो जिंकेल, हा धडा तिथून जगभर गेला. त्या ओल्या मैदानावर तो बरोबरच होता.

पण आता मुंबईत ओलं मैदान आहे कुठे? गिरण्यांच्या जागेवर, मॉलच्या गच्चीवर, जिथे जागा मिळेल तिथे तासावर टर्फ मिळतं. मी त्याच्या विरोधात नाही. ते नसतं तर माझी मुलगी फुटबॉल शिकलीच नसती. मुलींना रात्री आठ वाजता उजेडात, कुंपणाच्या आत, निर्धास्त खेळता येतं ही या शहरात लहान गोष्ट नाही. आणि टर्फ म्हणजे दुखापत असं सरसकट समीकरणही खरं नाही. स्वीडनचे डॉक्टर यान एकस्ट्रांड यांनी युरोपातल्या वरच्या दर्जाच्या क्लबांचा अभ्यास २००६ मध्ये मांडला. त्यात एकूण दुखापती कृत्रिम गवतावर जास्त आढळल्या नाहीत, घोटा मुरगळण्याचं प्रमाण मात्र जास्त दिसलं. खेळाडूंचा स्वतःचा अनुभव वेगळा बोलतो. २०१५ चा महिला विश्वचषक कॅनडात सगळा कृत्रिम गवतावर ठेवला म्हणून नामवंत खेळाडूंनी तिथल्या मानवाधिकार न्यायाधिकरणापर्यंत धाव घेतली होती. नेदरलँड्सच्या सर्वोच्च लीगने २०२५-२६ च्या मोसमापासून कृत्रिम गवत बंदच केलं.

मला त्यातलं कळतं ते इतकंच, की ते युरोपातलं टर्फ आणि आपलं तासावरचं टर्फ ही एक वस्तू नाही. चांगल्या टर्फमध्ये लांब धाग्यांच्या मुळाशी वाळू असते, वर रबराचे दाणे, खाली धक्का शोषणारा थर. दाणे पायाबरोबर वाहून जातात (आमच्या बाथरूममध्ये यायचे तेच), म्हणून ते पुन्हा भरायचे असतात. धागे आडवे होतात, म्हणून ब्रशने उभे करायचे असतात. मुलीच्या टर्फवर मी नंतर चालून पाहिलं. गोलसमोर दाणे संपलेले, खाली वाळू दाबून सिमेंट झालेली. कडेला मात्र दाण्यांचा ढीग, चप्पल रुतेल एवढा. एकाच मैदानावर दोन जमिनी, आणि मुलं एका धावेत दोन्ही ओलांडतात.

कित्येक टर्फवर पाटी असते, "स्टड्स घालून येऊ नये." मला ती पाटी आवडायची, मुलांची काळजी घेतात असं वाटायचं. नंतर कळलं की ती गालिचा फाटू नये म्हणून आहे. सामन्याआधी रेफ्री प्रत्येकाला तळवा वर करायला लावून स्टडवरून हात फिरवतात, तेही समोरच्याच्या नडगीला धार लागू नये म्हणून. दोन्ही नियम योग्यच आहेत. पण बूट घालणाऱ्या मुलीच्या गुडघ्यासाठी कुणी बूट उलटा करून पाहत नाही. गालिच्याला मालक आहे, नडगीला नियम आहे. गुडघा ज्याचा त्याचा.

मुलींच्या गुडघ्याचा प्रश्न तर आणखी बिकट. एसीएल तुटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांच्या दुप्पट-तिप्पट किंवा त्याहून जास्त आढळतं. कारणं एक नाहीत. स्नायूंची ताकद, उडी मारून उतरण्याची पद्धत, हाडांची ठेवण, मिळालेला सराव, थकवा. त्या दिवशी माझ्या लेकीचा खेळाचा तिसरा तास चालू होता, हेही मी विसरत नाही. पण बूट त्यात आहेत. २०२३ मध्ये युरोपियन क्लब असोसिएशनने युरोपातल्या व्यावसायिक महिला खेळाडूंना विचारलं तेव्हा ८२ टक्के जणींनी बुटांमुळे दुखतं किंवा त्रास होतो असं सांगितलं. बहुतेक बूट बनतात पुरुषाच्या पावलाच्या साच्यावर, बायकांना त्याचाच लहान नंबर. आमच्यासारखे पालक त्यात एक नंबर मोठा घेतात. मग पाय आत हलतो, बूट खाली अडकतो.

एक गोष्ट मात्र कळली आणि तेव्हापासून भेटेल त्या प्रशिक्षकाला मी ती सांगतो. फिफाचा 'इलेव्हन प्लस' नावाचा वीस मिनिटांचा वॉर्मअप आहे. धावणं, मग ताकद, तोल आणि उड्या, मग पुन्हा धावणं. खास काही सामान लागत नाही. नॉर्वेत १२५ क्लबांतल्या तेरा ते सतरा वर्षांच्या मुलींवर तो तपासला, २००८ मध्ये निष्कर्ष आले : दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी, गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्या. आपल्याकडे टर्फ तासावर असतं, म्हणून पहिल्या मिनिटाला बॉल सुटतो. पैसे वसूल व्हायला हवेत ना. त्या वीस मिनिटांसाठी मी माझ्या पैशांनी वेळ घ्यायला तयार होतो, कुणी आधी सांगितलं असतं तर.

नऊ महिने आमच्या हॉलमध्ये चटई पसरलेली होती. भिंतीला टेकून बसणं, एका पायावर उभं राहणं, टॉवेल गुंडाळून गुडघ्याखाली दाबणं. ती रडली फक्त एकदा, मैत्रिणींचा सामना मोबाईलवर बघताना. डॉक्टरांनी परवानगी दिली ती गणपतींनंतर. जुने बूट तिने स्वतःच वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवले. कुणाला द्यायचे नाहीत म्हणाली.

नवे घेताना दुकानात आम्ही सहा जोड्या उलट्या केल्या. दुकानातला पोरगा कंटाळला, मी त्याला समजावून सांगत राहिलो. शेवटी आखूड, गोल स्टडचे, एजी अक्षरांचे घेतले, पायाच्या मापाचे. रविवारी सकाळी सात वाजता टर्फ रिकामं होतं. रात्री पाऊस पडून गेलेला. तिने बूट घालण्याआधी मी एक मागितला, आत हात घातला, गुडघ्यावर बसून चवडा जमिनीवर दाबला आणि सगळा भार टाकून फिरवला. गोलसमोर फिरला. मध्यात फिरला. कडेला, जिथे दाण्यांचा ढीग होता, तिथे जरा अडला, मग फिरला. ती शेजारी अनवाणी उभी राहून बघत होती.

"दे," म्हणाली. लेस बांधल्या. त्या ढिगापाशीच जाऊन उजवा पाय रोवला, गुडघा वाकवला आणि अगदी सावकाश डावीकडे वळली. ओल्या दाण्यांत चवड्याखाली एक अर्धवट गोल उमटला.

"सुटला," ती म्हणाली, आणि तिथेच पुन्हा पाय ठेवला.